विल्यम केरीवरचा तो मेसेज पुढे ढकलण्याआधी

विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्यावरचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्यात म्हणे केरीला कंपनी सरकारने मुद्दाम पाठवला, आल्या आल्या त्याने पैसे चारून हजारो लोक बाटवले, मराठीचं काम हा नुसता देखावा, आणि सतीबंदी त्याने एकट्याने केली ही मिशनऱ्यांनी उठवलेली थाप. केरी काही माझा कुणी लागत नाही, पण शिव्या घालायच्या तर निदान खऱ्या गोष्टीवर घाला ना.

कंपनीचंच आधी घ्या. कंपनीला मिशनरी नकोच होते हो, लोक बिथरतील आणि धंदा बसेल ही धास्ती. केरी १७९३ मध्ये आला तो डॅनिश जहाजातून, कंपनीचा परवाना नसताना, आणि मग काही वर्षं निळीच्या कारखान्यात मॅनेजरकी करून पोट भरलं. १८०० मध्ये श्रीरामपूर गाठलं (नगरचं नव्हे, हुगळीकाठचं) तेही तिथे डेन्मार्कचा अंमल होता म्हणून. मिशनऱ्यांना रीतसर दार उघडलं ब्रिटिश संसदेच्या १८१३ च्या चार्टर ॲक्टने. हां, १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात (कंपनीच्या साहेबांना देशी भाषा शिकवायचं कॉलेज) शिकवायचा पगार कंपनीचाच होता, ते नाकारत नाही, पण नोकरी दिली म्हणजे धर्मांतराला पाठवला असं कसं होईल?

हजारोंचं तर सोडाच. श्रीरामपूरचा पहिला बाप्तिस्मा घेतलेला हिंदू म्हणजे कृष्ण पाल, सुतार माणूस, तारीख २८ डिसेंबर १८००. म्हणजे केरी येऊन सात वर्षं उलटून गेलेली! त्याचा निखळलेला सांधा मिशनच्या डॉक्टरने बसवला, तिथून ओळख.

आता मराठी, आणि इथे मला खरंच राग येतो. १८०५ मध्ये व्याकरण, १८१० मध्ये कोश, आणि कोशात मराठी शब्द मोडीत, कारण तेव्हा हिशेब, पत्रव्यवहार, कारभार सगळा मोडीतच चालायचा. नुसत्या देखाव्यासाठी कुणी मोडीचे छपाईचे खिळे पाडत बसतं का? हेतू साधा होता, बायबल मराठीत न्यायचं आणि कंपनीच्या पोरगेल्या साहेबांना भाषा शिकवायची, पण काम पक्कं. मात्र केरीभक्तांनीही जरा दमानं घ्यावं, कारण मराठीचं पोर्तुगीज भाषेतलं व्याकरण १७७८ मध्येच रोममध्ये छापलं होतं, आणि केरीला बंगालमध्ये बसून मराठी जमली ती पंडित वैजनाथ शर्मांच्या जिवावर. हे खुद्द केरीने व्याकरणाच्या प्रस्तावनेत कबूल केलंय, आपण मात्र वैजनाथांना साफ विसरलो.

सतीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. ४ डिसेंबर १८२९ चा सतीबंदीचा कायदा गव्हर्नर जनरल बेंटिंकचा, राममोहन रॉय आधीपासून लढत होते, एकट्याचं श्रेय कुणाचंच नाही. पण केरीही वर्षानुवर्षं त्यामागे होता आणि त्या कायद्याचं बंगाली भाषांतर त्याच्या हातचं. रविवारी सकाळी कागद आला तर प्रवचन दुसऱ्याकडे सोपवून तो भाषांतराला बसला, उशीर झाला तर तेवढ्यात आणखी बायका जळतील म्हणून.

टीकाच करायची ना, मग डोरोथीबद्दल बोला, मेसेजमध्ये तिचं नावसुद्धा नाही. केरीची बायको, भारतात यायला आधी साफ नाही म्हणालेली. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला आणि तिचं मन कायमचं ढळलं. नंतरची बरीच वर्षं ती खोलीत कोंडलेली, आणि हा शेजारच्या खोलीत भाषांतरं करत बसलेला. १८०७ च्या डिसेंबरात ती गेली, पुढच्याच वर्षी मे महिन्यात याने दुसरं लग्न केलं. मिशनमधल्या त्याच्याच लोकांना ते खटकलं होतं.