पेस्ट वॅक्स मशीनने ‘मुरते’ का?

गाडीला पेस्ट वॅक्स, म्हणजे डबीतले घट्ट मेण, लावण्याविषयी एक सल्ला सर्रास एकमेकांना पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: वॅक्स हाताने लावण्यात अर्थ नाही, ते पॉलिशिंग मशीननेच, वेग चढवून आणि दाब देऊन लावावे, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने ते वितळून रंगाच्या छिद्रांत मुरते, थर जितका जाड तितकी चकाकी अधिक, ओरखडेही त्यातच निघून जातात आणि मग वर्षभर गाडीकडे पाहावे लागत नाही. मी स्वतः पेस्ट वॅक्स मशीननेच लावतो, त्यामुळे मशीनला माझा विरोध असण्याचे कारण नाही. पण या सल्ल्यात मशीन वापरण्याची जी कारणे दिली जातात ती चुकीची आहेत, आणि त्यांवर विसंबून मशीन चालवले तर रंगाचे जे नुकसान होते ते नंतर कोणत्याही वॅक्सने भरून निघत नाही.

उष्णतेचा मुद्दा आधी घ्यायला हवा, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. बऱ्याच पेस्ट वॅक्समधला महत्त्वाचा घटक म्हणजे कार्नौबा, ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण. ते अतिशय कठीण असते आणि ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळते. इतके कठीण मेण नुसते पत्र्यावर घासून पसरणार नाही, म्हणून त्यात मऊ मेणे, तेले आणि उडून जाणारे द्रावक मिसळलेले असतात. वॅक्स पसरते ते या द्रावकामुळे. द्रावक उडाला की मागे मेणाचा पातळ पापुद्रा राहतो, आणि ‘वॅक्स सुकले’ असे आपण म्हणतो ते यालाच. मऊ फोमचे पॅड लावून कमी वेगात मशीन फिरवल्यावर बॉनेटवर तळहात ठेवून पाहावा. पत्रा जेमतेम कोमट लागतो. कार्नौबा वितळेपर्यंत तो तापवायचा म्हणजे हाताला चटका बसेल इतका तापवायचा, आणि तसे केले तर जीव धोक्यात येतो तो रंगाचा. पत्र्याच्या कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, आणि प्लॅस्टिकचा बंपर उष्णता आजूबाजूला पसरू न देता एकाच जागी साठवतो.

‘छिद्रांत मुरते’ हे तर वॅक्सला तेलमालिशीसारखे समजणे झाले. आजच्या गाड्यांवर अस्तर, रंग आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. कारखान्यातल्या भट्टीत भाजून हा क्लिअर कोट एकसंध, कठीण झालेला असतो आणि मेण आत शिरून बसावे अशी जागा त्यात नसते. वॅक्स वरच राहते. ते खरोखर मुरले असते, तर डिटर्जंटच्या पाण्याने चार वेळा गाडी धुतल्यावर उतरून गेले नसते.

मग मशीनचा उपयोग काय? थर पातळ आणि सारखा बसतो, हाच, आणि तो मोठा उपयोग आहे. हाताने लावताना कुठे बोट जास्त दाबले जाते, कुठे कमी. बॉनेट आणि छप्पर यांसारख्या मोठ्या सपाट भागांवर मशीन ही विषमता घालवते आणि खांदेही दुखत नाहीत. मात्र त्यासाठी मशीन ड्युअल ॲक्शन प्रकारचे, म्हणजे पॅड गोल फिरवता फिरवता डोलवणारे असावे, वेगाची कळ खालच्या दोन-तीन आकड्यांवर असावी आणि दाब मशीनच्या स्वतःच्या वजनाइतकाच असावा. डबीतले वॅक्स प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून पॅडवर फासावे, आणि तेही पोळीवर तूप फिरवावे तितकेच. अर्ध्या बॉनेटला तेवढे पुरते. पत्र्यावर नीट दिसेल न दिसेल असा धूसर पडदा उमटला की थांबावे. थोड्या वेळाने त्यावरून बोट ओढावे; रेघ स्वच्छ उमटली तर ते पुसायला तयार आहे, बोटामागे ओशट डाग राहिला तर नाही. पत्र्याला चिकटून राहते ते या पडद्याइतकेच, वरचे सगळे मायक्रोफायबर कापडावर येते. म्हणून जाड थराचा हिशेब मला कधीच पटलेला नाही: जास्तीचे वॅक्स आपण विकत घेतो, लावतो आणि दुप्पट कष्टाने पुसून टाकतो. वॅक्सचा दुसरा हात देण्याचा फायदा आहे, पण तो पहिल्या वेळी सुटलेल्या जागा झाकण्यापुरता.

ओरखड्यांबद्दलचा दावा सर्वांत घातक आहे. शुद्ध वॅक्समध्ये घासणारे कण नसतात. ते बारीक रेघांत भरून त्या काही काळ लपवते, आणि वॅक्स झिजले की रेघा परत दिसू लागतात. ओरखडा खरोखर निघतो तो घासणारे कण असलेल्या कंपाउंडने किंवा पॉलिशने, म्हणजे क्लिअर कोटचाच थर घासून कमी करून, आणि तो थर परत येत नाही. नख आडवे फिरवल्यावर अडकत असेल तर त्या ओरखड्याच्या वाटेला मशीन घेऊन जाऊच नये. माझ्या ओळखीतल्या एका काळ्या गाडीला एका वॉशिंग सेंटरमध्ये ‘मशीन वॅक्स’ करून दिले होते. सावलीत गाडी आरशासारखी दिसत होती. रात्री पार्किंगमध्ये टॉर्च तिरका धरला तेव्हा दारावर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसली, आणि बॉनेटच्या कडेला नखाएवढ्या जागेत खालचे पांढरट अस्तर उघडे पडले होते. पॅड आधी कंपाउंडला वापरलेले होते, मशीन रोटरी, म्हणजे पॅड एकाच अक्षाभोवती गरगर फिरवणारे होते आणि वेग चढवलेला होता. वॅक्सचे पॅड वेगळे ठेवावे, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो ते यासाठीच. कडा, दाराचे हँडल आणि कंपनीचे चिन्ह यांच्याभोवती तर हातानेच काम करावे. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावावी, नाहीतर त्यांच्या खरबरीत पृष्ठभागात पांढरे वॅक्स जाऊन बसते आणि ब्रशनेही लवकर निघत नाही.

राहिला वर्षभराचा हवाला. कार्नौबाचे वॅक्स मशीनने लावले म्हणून जास्त टिकत नाही. ते काही आठवडे ते काही महिने टिकते, आणि नेमके किती, हे ऊन, पाऊस आणि धुण्याचा साबण यांवर ठरते. विदर्भात उन्हात उभी राहणारी गाडी आणि कोकणात पावसाखाली राहणारी गाडी यांना एकच मुदत सांगणे बरोबर नाही. पाण्याचे थेंब गोल न राहता चपटे पसरू लागले की वॅक्स सरत आले असे समजावे. पक्ष्यांची विष्ठा तर वॅक्स असतानाही त्याच दिवशी भरपूर पाण्याने भिजवून काढावी लागते. मी एक हात मृगाच्या आधी देतो आणि दुसरा पाऊस सरल्यावर, दोन्ही वेळा गाडी नीट धुऊन, सावलीत, पत्रा थंड असताना.