गोळी बंद करून पेशींना ऊर्जा मिळत नाही

मावशीने थायरॉईडची गोळी सोडल्याचं मला अकराव्या दिवशी कळलं. कारण एक फॉरवर्ड. त्यातला दावा असा: ताणामुळे पेशींमधल्या मायटोकाँड्रिया (पेशीत ऊर्जा बनवणारे सूक्ष्म भाग) मरतात, मेलेल्या परत येत नाहीत, सगळा थकवा त्याचाच, म्हणून २१ दिवस गोळ्या बंद, व्यायाम बंद, आणि रोज ‘एटीपीचे थेंब’ (एटीपी म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरतात ते रसायन) घ्या.

आधी गोळीचं बोलू. नव्या मायटोकाँड्रिया तयार करायला आणि ऊर्जा वापरायला पेशींना थायरॉईडचं संप्रेरकच सांगतं. ज्यांची ग्रंथी कमी पडते, त्यांना ते गोळीतून मिळतं. पेशींना ऊर्जा हवी म्हणता आणि तेच काढून घेता?

“पण आठवडाभर मला काहीच झालं नाही गं,” मावशी म्हणाली. होणारच नव्हतं. रक्तातलं थायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं संप्रेरक, निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात. तोवर माणूस आधीच्या गोळ्यांवर चालतो. मग सुस्ती, बद्धकोष्ठता, थंडी वाजणं सुरू होतं, आणि मेसेज म्हणतो, ‘घाबरू नका, शरीरातली घाण बाहेर पडतेय.’ मला सगळ्यात संताप या वाक्याचा आहे. दुखणं वाढत असताना ते माणसाला डॉक्टरकडे जाऊ देत नाही.

सगळा थकवा मायटोकाँड्रियांचा, हेही खोटं. रक्तक्षय, मधुमेह, नैराश्य, काहीही असू शकतं. तपासल्याशिवाय कळत नाही.

‘मेलेल्या परत येत नाहीत’ म्हणे! पेशी जुन्या मायटोकाँड्रिया मोडतात आणि नव्या घडवतात, हे सतत चालू असतं. १९६७ मध्ये जॉन होलोझी या शास्त्रज्ञांनी उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलं, तर त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकाँड्रियांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली. म्हणजे मेसेज जो व्यायाम सोडायला सांगतो, त्यानेच त्या वाढतात.

थेंबांचं काय सांगायचं! एटीपी पचनातच फुटतं, आणि शरीर स्वतः दिवसाकाठी कित्येक किलो एटीपी बनवतं नि वापरतं.

ताणाचा परिणाम होतो, एवढं मान्य करावं लागेल. मार्टिन पिकार्ड आणि ब्रूस मॅकइवन या संशोधकांनी २०१८ मध्ये घेतलेल्या अभ्यासांच्या आढाव्यात तसं दिसतं. पण त्यातले प्रयोग मुख्यतः प्राण्यांवरचे आहेत, आणि त्यांवरून कुणाची गोळी बंद करता येत नाही.

मावशीने डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली आहे. सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईड ठीक चालतंय का ते सांगणारी रक्ततपासणी) तपासायचंय. ज्यांनी तिला हा मेसेज पाठवला, त्यांनी ज्या ज्या ग्रुपवर टाकला तिथे ‘गोळी बंद करू नका’ एवढं तरी आजच लिहावं.