बी समुद्र ओलांडतं, आणि ते मोजूनही झालंय

‘दोन दूरच्या भूभागांवर एकाच गणातली झाडं दिसली की ते भूभाग एकेकाळी जोडलेले होते असं खुशाल समजा. खाऱ्या पाण्यात बी मरतं, त्यामुळे झाडाने समुद्र ओलांडणं अशक्य.’ हा दावा सध्या फार फिरतोय, सोबत गोंडवनाचा, म्हणजे दक्षिणेकडचे भूभाग एकत्र असलेल्या प्राचीन महाखंडाचा, नकाशाही असतो. नकाशा बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

खाऱ्या पाण्यात बी मरतं? डार्विनने 1855 मध्ये नेमकं हेच तपासलं. बाटल्यांत मिठाचं पाणी भरून त्याने बिया भिजत घातल्या आणि काही दिवसांनी काढून पेरल्या. 87 प्रकारांपैकी 64 प्रकार 28 दिवसांनंतरही रुजले, थोडे तर 137 दिवसांनंतर.

बरं, जगलं तरी बुडणारच ना? ही शंका रास्त आहे. बहुतेक बिया बुडतात हे डार्विनलाही दिसलं होतं. मग त्याच्या लक्षात आलं की पुरात वाहून जाते ती सुटी बी नव्हे, फळांसकट वाळलेली फांदी. ताजे पिकलेले हेझलनट लगेच बुडाले; वाळवलेले 90 दिवस तरंगले आणि पेरल्यावर उगवलेही. वाळवलेल्या 94 वनस्पतींपैकी 18 वनस्पती 28 दिवसांहून जास्त तरंगल्या. अटलांटिकमधले प्रवाह दिवसाला सरासरी 33 मैल वाहतात असं धरून त्याने हिशेब मांडला: एखाद्या देशातल्या शंभरपैकी 14 वनस्पतींच्या बिया 924 मैल जाऊन रुजू शकतील. साध्या बाटल्या आणि चिकाटी यांच्या जोरावर केलेलं हे काम मला आजही थक्क करतं.

पाण्याखेरीज पक्षीही आहेत. डार्विनने तळ्याकाठचा तीन चमचे चिखल सहा महिने झाकून ठेवला, उगवेल ते रोप उपटून मोजलं. एका कपात मावणाऱ्या त्या चिखलातून 537 रोपं निघाली. असा चिखल पक्ष्यांच्या पायांना चिकटतोच.

‘न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातली दक्षिणी बीच नावाची झाडं हा तर गोंडवनाचाच पुरावा.’ गोंडवन फुटलं हे खरं, आणि या झाडांचा इतिहास तितका जुना आहे हेही खरं. पण न्यूझीलंड सुमारे 8 कोटी वर्षांपूर्वी सुटं झालं आणि डीएनएवरून काढलेला काळ सांगतो की दोन्हीकडच्या काही जातींची फारकत त्यानंतर खूप उशिरा झाली. म्हणजे मध्ये समुद्र होताच.

शिवाय हवाई बेटं घ्या. ती ज्वालामुखीतून वर आली, कुठल्याच खंडाला कधी जोडलेली नव्हती. हिंदी महासागरातलं रियुनियनही तसंच. तरी रियुनियनवरची बाभळीच्या नात्यातली एक जात हवाईच्या कोआ झाडापासून आल्याचं 2014 मध्ये डीएनएवरून दिसलं. अंतर सुमारे 18,000 किलोमीटर! बी कोणी नेलं हे कोणी पाहिलेलं नाही. संशय समुद्रपक्ष्यांवर आहे. लाखो वर्षांत असं एकदा घडलं तरी पुरतं.

आणि ‘हे घडताना कोणी पाहिलंय?’ याचं उत्तर आइसलँडजवळ आहे. नोव्हेंबर 1963 मध्ये समुद्रातून सुर्त्से हे बेट वर आलं. 1965 मध्ये तिथल्या वाळूत मोहरीच्या कुळातलं किनारी झाड उगवलेलं सापडलं. बेटावरचा ज्वालामुखी शांत व्हायला तेव्हा आणखी दोन वर्षं होती.