दवाखाना बंद केल्यानं साथ बंद होत नाही

बर्ड फ्लूची बातमी आली की आमच्याकडच्या गावोगावच्या ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. 'पक्ष्यांचे दवाखाने म्हणजे रोगाची घरं, ते बंद करा. मान वाकडी झालेला पक्षी दिसला की बर्ड फ्लू समजा आणि जाळून टाका. गोरेवाड्यात वाघ मेले ते विसरू नका. कावळे मारा, बगळ्यांची झाडं तोडा.' विदर्भातल्या अशाच एका दवाखान्यात मी काम करतो. ज्या घराचा भाजी-तेलाचा खर्च परसातल्या कोंबड्यांवर चालतो, त्या घराला भीती वाटणारच, आणि ती मला मान्य आहे. संदेशातले उपाय मात्र धोका वाढवणारे आहेत.

आधी मानेबद्दल. कोंबड्यांच्या राणीखेत रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात ते उगीच नाही. त्यातही मान पिळवटते. फवारलेल्या शेतातले किडे किंवा औषध लावलेलं बियाणं खाल्लेला पक्षीही लटपटतो, तोंडातून लाळ गाळतो, पाय ताणून पडतो. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले. त्या विषापुढे पाखराची काय कथा! मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की झाडावरून पडणारे पक्षी तर बहुतेक उन्हानं आणि तहानेनं पडतात. बर्ड फ्लू आहे की नाही हे भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेतला तपास ठरवतो. जाळायला म्हणून पक्षी हातात धरणं हाच लागणीचा सरळ रस्ता आहे.

आता 'रोगाचं घर'. साथीच्या दिवसांत आम्ही आधी फोनवर विचारतो: पक्षी कुठे सापडला, आसपास आणखी मेलेत का, गावात कोंबड्या मरताहेत का? एकाच जागी बरेच कावळे किंवा पाणपक्षी अचानक मेले असतील तर पक्षी आत येत नाही, पशुसंवर्धन विभागाला कळवलं जातं. बर्ड फ्लू झालेला पक्षी बरा करण्याचा दावा आम्ही करत नाही. बाकीचे खोके फाटकाबाहेरच उघडतात. हातमोजे, मास्क, चष्मा घातलेला एकच माणूस पक्षी तपासतो. नवा पक्षी वेगळ्या शेडमध्ये राहतो, त्याची भांडी आणि फडकी वेगळी. रोजचं काम जुन्या, बऱ्या होत आलेल्या पक्ष्यांपासून सुरू करून नव्यांपाशी संपवायचं, उलट कधीच नाही. ज्याच्या घरी कोंबड्या आहेत तो त्या शेडमध्ये पाऊल टाकत नाही. पिंजरा आधी साबणाच्या पाण्यानं घासायचा आणि मगच ब्लीचिंगचं पाणी मारायचं, कारण विष्ठेचा थर राहिला तर ब्लीचिंग वाया जातं. कंटाळवाणं काम आहे, पण सगळं यावरच उभं आहे.

हे बंद केलं तर जखमी पक्षी सापडायचे थांबतील का? पोरं तो घरी नेतील, कोंबड्यांशेजारीच डालग्याखाली झाकतील आणि त्याच हातांनी कोंबड्यांना दाणे टाकतील. दवाखान्याचं फाटक नेमकं हेच अडवतं.

नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातली घटना खरी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूनं दगावले. मांसाहारी प्राण्यांत हा विषाणू मुख्यतः बाधित पक्षी किंवा त्यांचं कच्चं मांस खाण्यातून शिरतो. म्हणून सुधारायचं ते खाणं. साथीत घुबडं आणि घारींना आम्ही कच्चं चिकन देत नाही. दुसरं मांस देतो आणि हाडं नसल्यामुळे वर कॅल्शियम.

कावळे मारायचे? जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले, म्हणून तिथला संसर्ग कळला. इशारा देणारेच मारून काय साधणार? आणि पावसाळ्यात गायबगळ्यांची चिंच तोडली तर पिल्लं अंगणात पडतात आणि मोठे पक्षी दुसऱ्या गावात जातात. शिवाय त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, कुत्र्या-मांजरांना आणि कोंबड्यांना लांब ठेवा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर कळवा. कोणते पक्षी, किती आणि कधीपासून मरताहेत, जवळ तलाव किंवा पोल्ट्री आहे का, एवढं सांगता आलं तर नमुने घ्यायला येणाऱ्यांचं काम सोपं होतं.