व्हेरा लिन यांच्यावर बीबीसीने बंदी घातली नव्हती

‘दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गायिका व्हेरा लिन यांच्या गाण्यांनी सैनिक हळवे होतात म्हणून बीबीसीने त्यांच्यावर बंदी घातली,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो खरा नाही.

नोव्हेंबर १९४१ मध्ये बीबीसीवर त्यांचा ‘सिन्सियरली युअर्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. परदेशात लढणाऱ्या ब्रिटिश जवानांना लिहिलेलं पत्रच जणू! गाण्यांच्या मधे घरच्यांचे निरोप असत. लिन स्वतः इस्पितळात जाऊन बाळंतिणीला भेटत आणि दूर देशी असलेल्या बापाला रेडिओवरून सांगत, बाळ झालं, दोघं सुखरूप आहेत. महिनोन्‌महिने पत्राची वाट बघणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल!

टीका मात्र झाली, आणि जोरात झाली. अशा गाण्यांनी लढण्याची जिद्द खचते, असं काही खासदार आणि लष्करी अधिकारी म्हणत. बीबीसीच्या वरिष्ठांनाही हा हळवेपणा रुचत नव्हता. १९४२ मध्ये अतिभावुक गाणी आणि रडका सूर यांना चाप लावणारं धोरण आलं. बहुधा त्याचीच ही ‘बंदी’ झाली. पण ते धोरण एकूण गाण्यांसाठी होतं, एकट्या लिन यांच्यासाठी नव्हतं.

जवान खचले म्हणणाऱ्यांनी १९४४ आठवावं. तेव्हा लिन भारतमार्गे ब्रह्मदेशातल्या (आताच्या म्यानमारमधल्या) आराकानच्या आघाडीवर गेल्या. ट्रकवर लहानसा पियानो, भयंकर उकाडा, आणि समोर जमिनीवर बसलेले जवान पुन्हा पुन्हा त्यांचं ‘वुइल मीट अगेन’ (आपण पुन्हा भेटू) हे गाणं मागत होते.