शिल्लक माझी, हप्ता त्यांचा
इंग्लंडमध्ये राहायला आल्यापासून गॅस आणि विजेचे बिल मी दरमहा डायरेक्ट डेबिटने भरतो, म्हणजे कंपनीच माझ्या बँक खात्यातून हप्ता परस्पर कापून घेते, आणि दर सप्टेंबरात तोच मनस्ताप वाट्याला येतो. उन्हाळाभर हीटिंग बंद असते, हप्ता मात्र वर्षाच्या सरासरीने कापला जातो, त्यामुळे कंपनीकडे माझे ३१२ पौंड जमा झालेले असताना ‘आपला मासिक हप्ता ११८ वरून १४९ पौंड करण्यात येत आहे’ असे पत्र येते. कारण काय, तर ‘अंदाजित वापर’. मग जिन्याखालच्या कपाटात गुडघे टेकून, मोबाइलच्या उजेडात वाचलेले मीटरचे आकडे मी दर महिन्याला कळवतो, ते कशासाठी? ऑफजेम ही इथली ऊर्जा नियामक संस्था दर तीन महिन्यांनी जी कमाल मर्यादा ठरवते ती युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर असते, हप्त्यावर नव्हे, हेही फोनवरच्या माणसाला मीच समजावून सांगायचे. चुकून कापलेली रक्कम डायरेक्ट डेबिट गॅरंटीमुळे बँक परत करते, हे खरे. पण ही चूक नव्हे, हा आगाऊपणा आहे, आणि तो शब्दाच्या दोन्ही अर्थांनी. पुण्याच्या घरी जेवढे युनिट जळाले तेवढ्याचे बिल येते, ते भरले की विषय संपतो. इथे मात्र शिल्लक परत मागितली, तर ‘हिवाळा तोंडावर आहे, राहू द्या’ असा सल्ला मिळाला.