‘ब-2’ म्हणजे माझ्या पोरीला नक्की काय येत नाही?

परवा लेकीचं सातवीचं प्रगतिपत्रक हातात पडलं. गणितात ब-2 श्रेणी. वर्णनात्मक नोंद, ‘गणितातील क्रिया समजून घेते’. सुधारणा आवश्यक या रकान्यात ‘अक्षर सुधारावे’. दिवाळीआधीच्या सत्रातही हेच वाक्य होतं. शेजारच्या पोराच्या पत्रकातही हेच, काना-मात्रेसकट! दोन पोरं, एकाला खेळायला सांगावं लागतं, एकाला अभ्यासाला, आणि दोघांची ‘प्रगती’ एकच?

संध्याकाळी सहज तिला पाव आणि अर्धा यांची बेरीज घातली. तिनं 1/4 + 1/2 मांडलं, वरचे दोन आकडे मिळवले, खालचे दोन मिळवले आणि 2/6 लिहून पेन्सिल ठेवली. जराही अडखळली नाही. म्हणजे चूक आजची नाही, मुरलेली आहे. माझे हातपाय गळाले.

शाळेत गेले. उत्तरपत्रिका दाखवा म्हटलं तर ‘त्या जमा झाल्या’. खूप मागे लागल्यावर बाईंनी नोंदवही उघडली. आकारिकला, म्हणजे सत्रभरातल्या वर्गकामाला, 40 पैकी 38; संकलितला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला, 60 पैकी 25. बेरीज 63. 61 ते 70 म्हणजे ब-2. झालं काम! वही पूर्ण, प्रकल्प चिकटवलेला, तोंडी बरी, म्हणून 38. आणि जिथं पोरगी एकटी कागदापुढं बसली तिथं 25. हे दोन आकडे वेगवेगळे मला दिवाळीतच कळले असते तर मी तेव्हाच जागी झाले असते की नाही?

मी सांगलीत हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते. शेतकऱ्याच्या हातात जी पट्टी जाते तिच्यावर पोती किती, वजन किती, दर काय, हमाली किती, तोलाई किती, सगळं असतं. एक आकडा चुकला तर माणूस दारात उभा राहतो, आणि राहायलाच पाहिजे. एका पोत्याचा हिशेब इतका चोख, आणि पोराच्या अख्ख्या वर्षाची पावती म्हणजे एक अक्षर आणि एक आकडा!

ही श्रेण्यांची पद्धत, म्हणजे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, 2010 साली आली तेव्हा हेतू चांगलाच होता, पोराला नापासाचा शिक्का नको, कुठं अडतंय ते वेळच्या वेळी कळावं. मग ते कळवा ना! बाईंच्या वर्गात साठ पोरं, त्यात मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती. त्यांचे हाल मला दिसतात. पण ‘अपूर्णांक कच्चे आहेत’ हे तीन शब्द लिहायला ‘गणितातील क्रिया समजून घेते’पेक्षा कमीच शाई लागते. पालकसभेत तरी सांगायचं! तिथं सहलीची वर्गणी आणि गणवेशाचं कापड, यातच तास संपला. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नुसते ‘सही करून परत पाठवा’. ज्याचा अर्थच कळत नाही त्याच्यावर मी कशाची सही करू?

आता आठवी. तिथं वार्षिक परीक्षेत पस्तीस टक्के हवेत, नाहीतर फेरपरीक्षा, आणि तिथंही राहिली तर वर्ग तोच. सातवीपर्यंत आम्हाला ‘छान चाललंय’ सांगायचं आणि आठवीत पोरीला एकदम कड्यावर उभं करायचं?

सध्या रोज दुकानातून आल्यावर तिला छेद समान करायला शिकवतेय. पाचवीचं गणित, सातवी झाल्यावर.